दाताच्या खुर्चीतली भोवळ

'मला भुलेची सुई सोसत नाही, डॉक्टर. तेवढी सोडून काय करायचे ते करा.' दातांच्या दवाखान्यात हे वाक्य वरचेवर ऐकू येते. जरा खोदून विचारले की कहाणी बहुधा सारखीच निघते. पाच-सात वर्षांपूर्वी दाढ काढायला गेले, खुर्चीत बसले, सुई टोचली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. दरदरून घाम फुटला, हातपाय गार पडले. डोळे उघडले तेव्हा भोवती चार माणसे उभी. 'बीपी लो झाला होता,' एवढेच कोणीतरी सांगितले. त्या दिवसापासून दाताच्या डॉक्टरची पायरी चढायची नाही, असे जे ठरले ते ठरलेच. मग दाढेत लवंग धरायची, मिसरी लावायची, गालावर सूज आली की दुकानातून दोन गोळ्या आणायच्या आणि दिवस ढकलायचे.

अशा माणसांना एक गोष्ट सांगायची आहे. त्या दिवशी जे घडले तो बहुतेक वेळा सुईचा दोष नव्हता, औषधाचाही नव्हता आणि तुमच्या शरीरात काही मोठा बिघाड आहे असेही नव्हे. दातांच्या दवाखान्यात अचानक उद्भवणाऱ्या त्रासांमध्ये ही भोवळ सगळ्यांत अधिक आढळणारी आहे. तिचे कारण माहीत आहे आणि उपाय सोपा आहे. ती आधी ओळखून टाळताही येते. मात्र त्यासाठी डॉक्टरांना जेवढे ठाऊक हवे, तेवढेच रुग्णाला आणि त्याच्याबरोबर आलेल्या नातेवाइकालाही ठाऊक हवे.

रक्तदाब एकाएकी का उतरतो?

मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण ५ लिटर रक्त असते. मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी सुमारे १५ टक्के रक्त एकट्या मेंदूला लागते. शिवाय मेंदू बसतो सगळ्यांत वर. विहिरीचे पाणी माळवदावरच्या टाकीत चढवायचे तर मोटारीला जोर लागतो. तसेच रक्त डोक्यापर्यंत चढवायला हृदयाचा जोर लागतो आणि रक्तवाहिन्यांचा ताणही लागतो. या दोन्हींतून जो दाब तयार होतो, तोच रक्तदाब.

आता भीती वाटली की काय होते ते पाहा. सुई दिसते, औषधाचा वास येतो, शेजारच्या खोलीतून यंत्राची घरघर ऐकू येते. शरीर म्हणते, संकट आले, पळा किंवा लढा. हृदय धडधडू लागते आणि पायांच्या स्नायूंकडे जास्त रक्त धावते. माणूस खरोखर पळाला असता तर पायांच्या हालचालीने तेच रक्त पुन्हा हृदयाकडे ढकलले गेले असते. पण इथे तो खुर्चीचे हात घट्ट धरून निश्चल बसलेला असतो. रक्त पायांत साचते.

एवढ्यात दुसरी गोष्ट घडते. मेंदूतून निघून हृदय आणि पोटापर्यंत जाणारी व्हेगस नावाची एक नस आहे. हृदयाला लगाम घालणे हे तिचे काम. काही माणसांत भीतीच्या, वेदनेच्या किंवा रक्त पाहिल्याच्या क्षणी ही नस एकदम लगाम खेचते. मघाशी धडधडणारी नाडी मंद होते, रक्तवाहिन्या सैलावतात आणि वरचा रक्तदाब १२० वरून ७०-६० पर्यंत घसरू शकतो. मेंदूला रक्त अपुरे पडले की काही सेकंदांतच शुद्ध हरपते. इंग्लंडचे हृदयरोगतज्ज्ञ सर थॉमस लुईस यांनी १९३२ साली या प्रकाराचे सविस्तर वर्णन केले. रक्तवाहिन्या आणि व्हेगस या दोहोंवरून त्याला 'व्हॅसोव्हेगल' मूर्च्छा असे नाव रूढ झाले.

ही भोवळ सहसा न सांगता येत नाही. आधी तोंड पांढरेफटक पडते, जांभया येतात, पोटात ढवळते, कपाळावर गार घाम येतो, कानांत सूं आवाज होतो, समोरचे अंधूक दिसू लागते. हे अर्धे-एक मिनिट फार मोलाचे असते. त्या वेळी 'डॉक्टर, मला कसेतरी होतेय' एवढे चार शब्द तोंडातून निघाले, तर पुढचे सगळे टळू शकते.

भित्रेपणाचा शिक्का नको

गंमत अशी की, ही भोवळ नेहमी अशक्त, म्हाताऱ्या माणसालाच येते असे नाही. उलट तरुण, धडधाकट पुरुषांत ती अधिक दिसते. लहान मुलांत मात्र कमी. असे का? लहान मूल भीती वाटली की हातपाय झाडते, भोकाड पसरते, आईला बिलगते. त्याचे स्नायू हलतात आणि भीती बाहेर पडते. पोते उचलणारा पंचविशीतला गडी मात्र 'मर्दाने काय घाबरायचे' म्हणून दात-ओठ आवळून गप्प बसतो. भीती आत दाबलेली, शरीर निश्चल. भोवळ यायला याहून अधिक काय हवे? कधी कधी तर खुर्चीतली आजी ठणठणीत असते आणि तिच्याबरोबर आलेला नातू रक्ताची गुळणी पाहून दाराशी कोसळतो.

म्हणून हिला भित्रेपणा म्हणू नये. पापणी लवते, उचकी लागते, तशीच ही शरीराची आपोआप होणारी क्रिया आहे. ती आपल्या इच्छेने येत नाही आणि तिची लाज वाटण्याचेही कारण नाही. लाजेपोटी आधीचा अनुभव लपवणे मात्र महागात पडते.

सुई सोसत नाही म्हणजे काय?

आता भुलेच्या औषधाविषयी. दातासाठी बहुतेक ठिकाणी लिग्नोकेन हे औषध वापरतात. स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ निल्स लोफग्रेन यांनी ते १९४३ साली तयार केले आणि १९४८ पासून ते बाजारात आले. त्याआधीच्या प्रोकेन या औषधाची ॲलर्जी तुलनेने जास्त दिसे. लिग्नोकेनची खरी ॲलर्जी मात्र फारच दुर्मीळ आहे.

ॲलर्जीची लक्षणे वेगळी असतात. अंगावर गांधी उठतात, खाज सुटते, ओठ-डोळे सुजतात, घसा आवळतो, दम लागतो, छातीत घरघर होते. साध्या भोवळीत यांतले काही नसते. तिथे माणूस पांढरा पडतो, घामेजतो, नाडी मंद होते आणि आडवे केले की बहुधा मिनिटभरात डोळे उघडतो. आणखी एक तिसरा प्रकार असतो. भुलेच्या औषधात बऱ्याचदा थोडे ॲड्रेनलिन मिसळलेले असते. त्यामुळे काहींना क्षणभर छातीत धडधड होते, हात कापतात. तीही ॲलर्जी नव्हे.

तेव्हा 'मला सुई सोसत नाही' एवढ्यावर थांबू नका. त्या दिवशी नक्की काय झाले, सुई टोचण्याआधी झाले की नंतर, गांधी उठल्या होत्या का, आडवे केल्यावर किती वेळात बरे वाटले, हे डॉक्टरांना सांगा. पुष्कळदा असे कळते की सुई अजून टोचलीही नव्हती, नुसती पाहूनच भोवळ आली होती. खरीच शंका असेल तर तपासणीचा मार्ग आहे. पण नुसत्या समजुतीपायी आयुष्यभर भुलेला नकार देणे म्हणजे पुढचा प्रत्येक दात वेदना सोसत काढायचा, नाहीतर काढायचाच नाही, असे होऊन बसते.

खुर्ची आडवी का झाली?

जुन्या दवाखान्यांत रुग्णाला ताठ बसवून दात काढत. डॉक्टर उभा, रुग्ण बसलेला. १९५८ च्या सुमारास पूर्ण मागे झुकणाऱ्या खुर्च्या आल्या आणि डॉक्टर बसून, रुग्णाला आडवे करून काम करू लागले. डॉक्टरांच्या पाठीची सोय झाली हे खरे, पण रुग्णाचा फायदा त्याहून मोठा झाला. ब्रिटनमधले भूलतज्ज्ञ जे. जी. बोर्न यांनी १९५७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात एक धोका दाखवून दिला होता. त्या काळी दातासाठी गॅस देऊन पूर्ण भूल देत आणि रुग्णाला बसलेलेच ठेवत. अशा रुग्णाला भोवळ आली तर ती कळत नाही. डोके वरच राहिल्याने मेंदूला रक्त मिळत नाही आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते, असे त्यांचे म्हणणे होते.

आज दात काढताना सहसा फक्त तेवढी जागा बधिर करतात, रुग्ण जागा असतो. पण बोर्न यांचा धडा आजही तितकाच खरा आहे. भोवळ आलेल्या माणसाला बसवून ठेवणे हीच सगळ्यांत मोठी चूक. निसर्ग माणसाला खाली पाडतो तो एका अर्थी उपचारच असतो, कारण आडवे झाल्यावर रक्ताला वर चढायचे राहत नाही. आपण मात्र त्याला दोन्ही बाजूंनी धरून उठवून बसवतो आणि तोंडावर पाणी मारत राहतो.

गावोगावी होणाऱ्या दंत शिबिरांत ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. शाळेच्या खोलीत किंवा देवळाच्या सभामंडपात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून तपासणी होते, कधी दातही काढतात. तिथे खुर्ची मागे झुकत नाही. म्हणून शेजारी एखादा बाक, बाज किंवा सतरंजी आधीच अंथरून ठेवणे हे आयोजकांचे काम आहे.

रिकामे पोट आणि परभणीचे ऊन

भीती हे एक कारण झाले. पण आपल्याकडे तिला खतपाणी घालणाऱ्या काही गोष्टी आहेत. पालम, सोनपेठ, जिंतूरकडच्या खेड्यातला माणूस दाढ काढायला परभणीला निघतो तो पहाटेच्या एसटीने. दाढेच्या ठणक्याने दोन रात्री झोप नाही. चावता येत नाही म्हणून धड जेवण नाही. त्यात कोणीतरी सांगितलेले असते, 'दात काढायचा तर उपाशीपोटी जा.' दवाखान्यात नंबर लागेपर्यंत दुपारचा एक वाजतो. एप्रिल-मे महिन्यांत परभणीचा पारा ४२-४३ अंशांपर्यंत चढतो. घामावाटे पाणी आणि मीठ गेलेले, पोट रिकामे, अंगात थकवा, वर सुईची धास्ती. मग रक्तदाब टिकावा तरी कसा?

फक्त तेवढी जागा बधिर करून दात काढायचा असेल तर उपाशी राहण्याची गरज नसते. उलट दीड-दोन तास आधी हलके खाऊन यावे. चावता येत नसेल तर मऊ खिचडी, पेज, दूध-भाकरीचा काला चालतो. पूर्ण भूल द्यायची असेल तरच उपाशी राहायला सांगतात, आणि ते डॉक्टर आधी स्पष्ट सांगतात. उन्हातून आलात तर सावलीत थोडे बसा, पाणी प्या. एकादशी, नवरात्र किंवा रमजानचे रोजे चालू असतील आणि काम तातडीचे नसेल, तर उपवास सुटल्यानंतरची वेळ मागून घ्या. तातडीचे असेल तर उपवास आहे हे निदान सांगा.

मधुमेही माणसाने तर हे कटाक्षाने पाळावे. इन्सुलिन किंवा गोळी घेतली आणि जेवण चुकले तर रक्तातली साखर उतरते. तेव्हाही घाम येतो, हात थरथरतात, माणूस गोंधळतो. वरवर पाहता ती भोवळच वाटते, पण नुसते आडवे करून तिथे भागत नाही, साखर द्यावी लागते. शुद्धीत असेल तर साखरपाणी पाजावे. शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालू नये, शिरेतून द्यावे लागते.

उठतानाची घेरी

वयस्कर मंडळींची गोष्ट थोडी निराळी. त्यांना सुईच्या वेळी काही होत नाही. अर्धा-पाऊण तास आडवे राहून काम झाल्यावर ते झटकन उठतात आणि तिथे घेरी येते. उभे राहताच अर्धा-पाऊण लिटर रक्त खाली पायांकडे आणि पोटाकडे उतरते. तरुण शरीर क्षणात रक्तवाहिन्या आवळून दाब सावरते, म्हाताऱ्या शरीराला वेळ लागतो. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा दाब २० किंवा खालचा १० अंकांनी उतरला, तर त्याला वैद्यकशास्त्रात दोष मानतात.

रक्तदाबाच्या गोळ्या, लघवी जास्त होण्याच्या गोळ्या, प्रोस्टेटच्या त्रासासाठीच्या काही गोळ्या, छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी, या सगळ्यांनी हा उतार वाढू शकतो. याचा अर्थ दात काढायच्या दिवशी गोळी बंद करायची, असा मुळीच नाही. ते अधिक धोक्याचे, कारण मग दाब वर उसळतो. गोळी नेहमीप्रमाणे घ्यावी आणि गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवायला न्यावीत. 'दात काढायला आलो, बीपी कशाला बघता?' असे पुष्कळ जण विचारतात. आधीचा आकडा माहीत असेल तरच नंतर किती उतरला ते कळते, हे त्याचे उत्तर.

काम झाल्यावर खुर्ची हळूहळू सरळ करून घ्यावी. पाय खाली सोडून दोन मिनिटे बसावे, मग कोणाचा तरी हात धरून उभे राहावे. म्हातारपणी घेरीपेक्षा पडण्याची भीती मोठी. खुब्याचे हाड मोडले तर माणूस महिनोन्महिने अंथरुणाला खिळतो.

गरोदर बाईच्या बाबतीतही एक गोष्ट लक्षात ठेवावी. शेवटच्या महिन्यांत उताणे झोपल्यावर गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर पडतो आणि दाब उतरतो. तिला उजव्या कुशीखाली उशी देऊन डावीकडे कलते करावे.

भोवळ आली तर

पहिली गोष्ट, काम थांबवायचे आणि तोंडातला कापूस, हत्यारे बाहेर काढायची. दुसरी, खुर्ची पूर्ण आडवी करून पाय डोक्यापेक्षा थोडे वर घ्यायचे. खुर्ची नसेल तर जमिनीवर निजवून पायांखाली पिशवी किंवा उशी ठेवायची. तिसरी, गळ्याशी घट्ट असलेले कपडे सैल करायचे आणि भोवतीची गर्दी हटवायची. नाडी आणि श्वास पाहायचा. बहुतेक वेळा एवढे पुरते.

काय करू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. भोवळीत कधी कधी हातपाय दोन-चार झटके देतात. लगेच 'फिट आली' म्हणून दातांत चमचा घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवत बसू नये. त्यात आडवे करण्याचा मोलाचा वेळ जातो. शुद्ध आल्याबरोबर उभे करू नये, दुसऱ्यांदा भोवळ येते ती याच घाईने. पंधरा-वीस मिनिटे पडू द्यावे, मग बसवावे, मग पाणी द्यावे. त्या दिवशी त्याने मोटारसायकल चालवत एकट्याने गावी जाऊ नये.

प्रत्येक भोवळ साधीच असते असे मात्र समजू नये. आडवे केल्यावर एक-दोन मिनिटांत शुद्ध आली नाही, छातीत दुखत असेल, दम लागला असेल, अंगावर गांधी उठून ओठ सुजले असतील, बोलणे अडखळत असेल किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा वाटत असेल, तर ते वेगळे आणि गंभीर दुखणे आहे. गंभीर ॲलर्जीत मांडीच्या स्नायूत ॲड्रेनलिनचे इंजेक्शन ताबडतोब द्यावे लागते. श्वास थांबला असेल तर छाती दाबण्याचा उपचार लगेच सुरू करावा लागतो. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. अशा वेळी वाट न पाहता तो क्रमांक फिरवावा.

एक साधा व्यायाम

ज्यांना सुई किंवा रक्त पाहून हमखास भोवळ येते, त्यांच्यासाठी स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ओस्ट यांनी १९८० च्या दशकात एक युक्ती शोधली. भीती वाटल्यावर आपण 'अंग सैल सोडा' असे सांगतो. या माणसांना नेमके उलटे करायचे असते. हात, पाय आणि पोटाचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायचे, चेहऱ्यावर ऊब जाणवेपर्यंत. मग वीस-तीस सेकंद नेहमीसारखे बसायचे आणि पुन्हा आवळायचे. असे पाच वेळा. स्नायू आवळले की रक्त हृदयाकडे ढकलले जाते आणि दाब टिकून राहतो. घरी आठवडाभर सराव करून दवाखान्यात जावे. सुई टोचायच्या वेळी फक्त तो हात सैल ठेवावा. डॉक्टरांना सांगून आडवे राहूनच सुई घ्यावी आणि नजर दुसरीकडे ठेवावी.

हा सगळा खटाटोप एका दाढेसाठी कशाला, असे कोणी म्हणेल. पण प्रश्न एका दाढेचा नाही. आपल्याकडे तंबाखू, मिसरी, सुपारी यांचे प्रमाण मोठे आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी सवय सुटलेली नाही. तोंडात न भरणारा व्रण, पांढरा चट्टा, हळूहळू कमी उघडणारे तोंड, ही कर्करोगाच्या वाटेवरची लक्षणे पुष्कळदा सर्वांत आधी दाताच्या डॉक्टरला दिसतात. मिनिटभराच्या एका भोवळीने ज्याने दवाखान्याची वाट सोडली, त्याचे तोंड मग वर्षानुवर्षे कोणी पाहतच नाही.

म्हणून पुढच्या वेळी दाताच्या खुर्चीत बसण्याआधी एवढे सांगा: मला पूर्वी भोवळ आली होती, मी अमुक गोळ्या घेतो, आज अमुक खाल्ले आहे आणि मला सुईची भीती वाटते. एवढे कळले की डॉक्टर तुम्हाला आधीच आडवे करून ठेवतील.

(आकाशवाणीसाठीच्या भाषणाचे संपादित रूप)